आधी तुझ्या नावावर काय आहे ते बघ

अगं, परवा फोनवर तू फिरूनफिरून एकच विचारत होतीस, ताई, ऑफिसात टेस्टिंग, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला कोड तपासायचं काम, घेतलं तर मी खालची ठरेन का. टेस्टिंग खालचं नाही. पण ते तुलाच का देतायत ते बघ की जरा! बॅकएंड, म्हणजे सॉफ्टवेअरचा पडद्यामागचा कोड, तुझ्याकडनं काढून नवीन आलेल्या मुलाला दिलं आणि तुला काय, तर तुझं कम्युनिकेशन छान आहे, को-ऑर्डिनेशन बघ, मीटिंगमध्ये काय ठरलं त्याचे मिनिट्स तूच काढ. याला कौतुक म्हणत नाहीत.

काम वरचं का खालचं हे ते कोण करतंय त्यावरनं ठरतं. १९४६ मध्ये अमेरिकेत एनिॲक नावाचा कॉम्प्युटर लोकांसमोर आणला, तेव्हा मान सगळा मशीन बांधणाऱ्या इंजिनिअर लोकांना, आणि प्रोग्रामिंग म्हणजे कारकुनी, म्हणून ते सहा बायकांकडं. डेमोत तोफगोळ्याचा मार्ग काढून दाखवला तो प्रोग्राम बेटी जेनिंग्ज आणि बेटी स्नायडर या दोघींचा. रात्री मोठं जेवण झालं, त्याचं दोघींना बोलावणंसुद्धा नाही. पुढं प्रोग्रामिंगला पैसा आला, मान आला, आणि आता आपल्याला म्हणतात मिनिट्स काढा.

म्हणून माझं एकच, काम नावावर पाहिजे. तासगावकडं बाई जन्मभर द्राक्षबागेत राबते आणि सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं, हे तुला मी सांगायला नको, तुझ्या आईचं आहे का विचार घरी. गिटमध्ये, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवतात त्या सॉफ्टवेअरमध्ये, तेच आहे. कमिटवर, म्हणजे तिथल्या एकेका नोंदीवर, ऑथर म्हणून ज्याचं नाव, काम त्याचं. तू टीम लीडला चॅटवर कोड पाठवतेस, तो त्याच्या मशीनवरनं कमिट करतो, मग अप्रेझलला लॉगमध्ये तू कुठं दिसणार? दोघांनी मिळून लिहिलं तर कमिट मेसेजखाली को-ऑथर्ड-बाय ची ओळ टाकता येते, टाक म्हणावं. हसेल तो. हसू दे. नावावर पाहिजे म्हणजे पाहिजे.

मलाही पुण्यात भांडखोर म्हणायचे, आणि नोकरी सोडून सांगलीला आले तर लोकांना वाटलं दमली. दमले नव्हते, घरी सासऱ्यांचं आजारपण होतं, आणि आता वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरी प्रोजेक्ट घेऊन माझ्याकडंच येतात ना? जाऊ दे, माझं काय घेऊन बसलीस.

आजच मॅनेजरला मेल कर. बॅकएंड का काढलं ते लेखी विचार, तोंडी अजिबात नको, आणि मिनिट्स पाळीपाळीनं काढायचे हेही घाल त्यात. पाठवायच्या आधी मला दाखव, तू सुरुवात सॉरीनं करणार हे मला माहितेय, ते मी खोडणार.