बाहेरच्या विभागातला इलेक्टिव्ह घ्यावा का?

तुमचा मुख्य विषय भौतिकशास्त्र, एक इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक कोर्स, बाहेरच्या विभागातून घ्यायची मुभा आहे, पण ग्रेड घसरून मास्टर्सचा प्रवेश हुकेल अशी भीती वाटते, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, जरूर घ्या. फक्त कोर्सच्या नावावर जाऊ नका. तिथे तुमच्याकडून काय करून घेतात ते बघा.

माझा मुख्य विषय संख्याशास्त्र. जुनी कागदपत्रं कशी वाचायची, यावरचा एक कोर्स मी इतिहास विभागात घेतला. असाइनमेंट म्हणून हातात आलं जनगणनेचं एक जुनं पान. आमच्या विभागात असतो तर सरळ आकडेमोडीला बसलो असतो. इथले प्रश्नच वेगळे: घरोघरी फिरून हे लिहून कोणी घेतलं? घरातल्या कोणी उत्तरं दिली? व्यवसायाच्या रकान्यात बायकांच्या नावापुढे काहीच का नाही? घरच्या शेतात, दुकानात दिवसभर राबणाऱ्या बाईचं काम पुष्कळदा नोंदलंच जात नसे. म्हणजे ती रिकामी चौकट हीसुद्धा माहितीच होती! आजही नवा डेटा आला की मी आधी रिकाम्या जागा बघतो आणि त्या कशामुळे राहिल्या ते विचारतो. ही सवय मला त्या वर्गानं लावली.

अमेरिकन गणितज्ञ आणि इंजिनिअर क्लॉड शॅनन तर तुमच्या विषयाच्या जवळचा माणूस. मिशिगन विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि गणित शिकताना त्याने तत्त्वज्ञानाचा एक कोर्स केला आणि तिथे त्याला गणितज्ञ जॉर्ज बूलचं तर्कशास्त्र, म्हणजे खरं-खोटं यांचं बीजगणित, भेटलं. पुढे एमआयटीतल्या १९३७ च्या मास्टर्स प्रबंधात त्याने तेच रिले (विजेवर उघडझाप होणारे स्विच) आणि साध्या स्विचच्या सर्किटांना लावून दाखवलं. डिजिटल सर्किटांची रचना त्यातूनच पुढे आली.

ग्रेडची काळजी मात्र रास्त आहे. काही विद्यापीठांत असा कोर्स नुसता पास-नापास या पद्धतीने घेता येतो. तुमच्याकडे सोय आहे का आणि मास्टर्सच्या विभागाला ते चालतं का, हे दोन्ही आधी विचारून घ्या. मास्टर्सला लागणारा गणिताचा एखादा पेपर राहिला असेल, तर पहिला हक्क त्याचा. प्रयोगशाळेचं काम जास्त असलेल्या सेमिस्टरला वाचन-लेखनाचा कोर्स जोडू नका. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास धरतात, म्हणजे ५ क्रेडिटच्या कोर्सला किमान १२५ तास. ते कुठून काढणार, हे टाइमटेबल समोर ठेवून बघा.

स्कोरिंग आहे म्हणून सगळे घेतात तो कोर्स मी तरी घेणार नाही. ज्या शिक्षकांचा कोर्स मनात आहे त्यांना आजच मेल करा आणि मागच्या वर्षीचे निबंधाचे विषय मागवा. ते वाचून एखाद्यावर लिहावंसं वाटलं, तर नाव नोंदवून टाका.