इंग्लंडमधली खासगी बाग पहिल्यांदा बघायला जाताना

पहिली बाग निवडताना मोठ्या वाड्याच्या मागे लागू नका. एखाद्या खेड्यातली, घरमालकाने स्वतः राबून उभी केलेली बाग बघा. नॅशनल गार्डन स्कीम, म्हणजे खासगी बागा ठरावीक दिवशी लोकांना तिकिटावर दाखवून सेवाकार्यासाठी पैसा उभा करणारी योजना, तिच्यात अशा हजारो बागा आहेत. ही योजना 1927 साली सुरू झाली, ती परिचारिकांच्या कामासाठी पैसा उभा करायला. त्या वर्षी 609 बागा उघडल्या आणि तिकीट होतं माणशी एक शिलिंग. आजही तुमच्या तिकिटाचे पैसे मॅकमिलन, मेरी क्युरीसारख्या रुग्णसेवा करणाऱ्या संस्थांकडे जातात, म्हणून घासाघीस नको.

बऱ्याच बागा वर्षातून एखाद-दोन दिवसच उघडतात, तेव्हा तारीख आणि वेळ आदल्या दिवशी पुन्हा तपासा. गावात शिरलात की पिवळ्या पाट्या वाट दाखवतील. स्नोड्रॉपसाठी फेब्रुवारी, गुलाबांसाठी जून. मला स्वतःला मेची सुरुवात आवडते, ब्लूबेल फुललेले असतात आणि गर्दी कमी. हिरवळ ओली असते, बूट तसेच घाला.

फूल, बी, फांदी, काहीही न विचारता खुडू नका. पण विचारा जरूर! माती कसली, छाटणी कधी केली, हे विचारलंत की मालक खुलतात. मला तर एका आजींनी जिरेनियमची फांदी लावायची कशी ते अर्धा तास दाखवलं होतं. रोपं विकायला असतील तर तीच घ्या, बहुधा त्याच बागेत वाढलेली असतात. चहा-केकसाठी सुटे पैसे ठेवा, आणि केक संपायच्या आत पोचा.