एका वाचकाचा बेसबॉलबद्दलचा प्रश्न: २३ वर्षांचा सेकंड बेसमन (दुसऱ्या बेसजवळचा क्षेत्ररक्षक) हाय-एमध्ये, म्हणजे मायनर लीगच्या मधल्या पातळीवर, ०.३१० ची सरासरी (दहा संधींत साधारण तीन हिट) राखून आहे, पण उंची ५ फूट ८ इंच. मेजर लीगपर्यंत, म्हणजे अमेरिकेतल्या अव्वल स्पर्धेपर्यंत, पोहोचेल का?

उंचीचं सोडा. होजे आल्टुवे ५ फूट ६ इंचांचा. ह्यूस्टन ॲस्ट्रोज संघाच्या व्हेनेझुएलातल्या निवड शिबिरातून त्याला बुटका म्हणून परत पाठवलं, तर पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! २००७ मध्ये अवघ्या १५,००० डॉलरवर त्याला घेतलं आणि २०१७ मध्ये तो अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक) एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वात मोलाचा खेळाडू झाला.

मला खटकलं ते वय आणि 'सेकंड बेसमन' हे बिरुद. हाय-एसाठी २३ जरा जास्तच. हीच सरासरी वीस वर्षांच्या पोराने राखली असती तर मी खुर्चीत सरसावून बसलो असतो.

दुसरं म्हणजे, मेजर लीगमधले कितीतरी सेकंड बेसमन मुळात शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) असतात. बॉस्टन रेड सॉक्सचा सेकंड बेसमन डस्टिन पेड्रोया कॉलेजात शॉर्टस्टॉपच होता. तुमच्या पोराला आत्ताच शॉर्टवर उभं करत नसतील, तर बहुधा त्याची फेक किंवा पायांचा वेग कमी पडतो असं संघाचं मत झालंय. मग सगळी भिस्त बॅटवर, कारण राखीव इनफिल्डरला (बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाला) वेळ पडली तर शॉर्ट सांभाळता यावंच लागतं.

शक्य असेल तर सामन्याआधीचा इनफिल्डचा सराव बघा. उजव्या हाताच्या सामान्य वेगाच्या बॅटरला पहिला बेस गाठायला साधारण ४.३ सेकंद लागतात. तेवढ्यात चेंडू गाठायचा, उचलायचा, फेकायचा. डबल प्लेच्या वेळी (एकाच चेंडूवर दोघांना बाद करताना) नजर चेंडूवर नको, पोराच्या पायांवर ठेवा: बेसवर तो आधीच पोहोचून थांबलाय की चेंडूबरोबर धडपडत येतोय? ग्लोव्हमधून चेंडू काढताना चाचपडतो का? चुकांचा आकडा मात्र मनावर घेऊ नका. डेरेक जेटरने १९९३ मध्ये ग्रीन्सबरो या मायनर लीग संघाकडून एका मोसमात ५६ चुका केल्या होत्या. १९९६ मध्ये तो न्यू यॉर्क यँकीजचा शॉर्टस्टॉप आणि रुकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवोदित).

बॅटिंगमध्ये सरासरीपेक्षा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) आणि वॉक (चार खराब चेंडूंवर मिळालेला पहिला बेस) बघा. खालच्या पातळीवर फास्टबॉल झोडून ०.३१० गाठता येते. हाय-एच्या वरच्या डबल-एमधले पिचर (चेंडू टाकणारे) स्ट्राइकपेक्षा खराब चेंडू जास्त झाले असतानाही चेंजअप (फसवा संथ चेंडू) किंवा स्लायडर (वळणारा चेंडू) टाकतात, तिथे खरी गाळणी लागते. तरी महिन्याभराच्या आकड्यांवरून निकाल देऊ नका. २००७ च्या एप्रिलमध्ये पेड्रोया ०.१८२ वर होता, त्याला बाकावर बसवा म्हणून बॉस्टनमध्ये ओरड चालली होती. त्याच वर्षी तो रुकी ऑफ द इयर, पुढच्या वर्षी एमव्हीपी.

तुम्ही दिलेल्या माहितीवर मी त्याला मेजर लीगचा नियमित खेळाडू म्हणणार नाही. स्ट्राइकआउट खरोखर कमी असतील तर मत बदलेन. तो आकडा कमेंटमध्ये टाका.