कोर्स करा, पण समोर बसवून सराव घेणारा करा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. गुहागरजवळची वाडी, बचत गटातल्या बारा-तेरा बायका, त्यातल्या चौघींची शुगर शिबिरात 'बॉर्डरवर' निघाली, आणि आता तुम्हाला मधुमेह टाळायच्या कोचचं ऑनलाईन ट्रेनिंग घ्यायचंय, पण शिक्षण बारावी, नर्सिंग नाही, रेंज धड नाही, मग पैसे घालावेत की नाही. मी मालवण तालुक्यात असे तीन गट चालवलेत म्हणून जरा लांब लिहिते, चहा घेऊन बसा, बिनसाखरेचा.

बारावीची काळजी सोडा. हे कोच प्रकरण जिथून मोठं झालं त्या अमेरिकेतल्या सरकारी कार्यक्रमातसुद्धा कोच डॉक्टर किंवा नर्सच पाहिजे अशी अट नाही, ट्रेनिंग घेतलेलं असावं आणि माणसं धरून ठेवता यावीत एवढंच. केरळात एक मोठा अभ्यास झाला, ६० वस्त्या, १,००७ माणसं, तिथे तर गटातल्याच लोकांना शिकवून गट त्यांच्याच हातात दिले. आता खरं सांगायचं तर दोन वर्षांनी तिथे मधुमेह किती टळला हा फरक छातीठोक सांगण्याइतका मोठा आला नाही, पण फळंभाज्या खाणं वाढलं, दारू कमी झाली. मी हे मुद्दाम सांगते कारण कोर्स विकणारे फक्त 'मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी कमी होतो' हा आकडा सांगतात. तो आकडा खोटा नाही हां, २००२ साली अमेरिकेतल्या अभ्यासात आलेला आहे, तीन हजारांवर माणसं होती, वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं हे ध्येय होतं, पण तिथे एकेका माणसामागे शिकलेला कोच होता, १६ धडे एकेकट्याला समोर बसवून दिले होते. आपण समाजमंदिरात सतरंजीवर बसून करणार.

आता पैशाचं. मी दोन कोर्स केले. पहिला नुसते व्हिडिओ आणि शेवटी वीस प्रश्न, दोन दिवसात प्रमाणपत्र हातात, मी लॅमिनेट करून कालनिर्णयशेजारी लावलं. स्वादुपिंडाचं चित्र मला अजून डोळे मिटून काढता येतं. आणि मग पहिल्याच मीटिंगला मी चौदा बायकांपुढे उभं राहून पंचवीस मिनिटं बोलले, भात कमी करा, भात बंद करा, आमच्या शेजारच्या काकी मागून म्हणाल्या, "भात सोडूचो? मगे जेवचा काय?" सगळ्या हसल्या, मी पण हसले, पुढच्या बुधवारी सहाच जणी आल्या.

दुसरा कोर्स झूमवर, आठ आठवडे, आठवड्यातून एकदा आम्ही सहा जणींनी आळीपाळीने एकमेकींना कोच करायचं आणि मॅडम ऐकायच्या. मी पडवीत, फोन खांबाला रबरबँडने बांधलेला. मॅडम झाल्या होत्या हट्टी काकू. मी सगळं सांगून झाल्यावर विचारलं, मग पुढच्या आठवड्यापर्यंत यातलं काय जमेल तुम्हाला? समोर एकदम शांत. मला वाटलं नेट गेलं, मी हॅलो हॅलो करायला लागले, तर मॅडम म्हणतात, नेट आहे, मी विचार करतेय, तुम्ही गप्प बसा. ते आठ-दहा सेकंद गप्प बसणं, ते मी पैसे देऊन शिकले आणि तेवढ्यानेच पैसे वसूल झाले. कारण त्या शांततेत समोरची बाई स्वतःच सांगते की दुपारी नको, रात्रीचा भात एक डाव कमी करते. आपण सांगितलेलं ती दोन दिवस करते, तिने सांगितलेलं निदान महिनाभर तरी करते.

म्हणून कोर्स घेण्याआधी फोन करून एवढंच विचारा, की माझ्याकडून सराव करून घेऊन चुका कोण सांगणार? उत्तर 'व्हिडिओ कधीही बघता येतील' असं आलं तर फुकट असेल तरच घ्या. रेंजचं म्हणाल तर व्हिडिओ बंद ठेवून नुसत्या आवाजावर बसलात तरी सराव होतो, वाचायचं साहित्य तालुक्याला गेलात की उतरवून घ्या. जुलै-ऑगस्टमधली बॅच मात्र नको, आमच्याकडे त्या दिवसात लाईट गेली की टॉवरही जातो.

कोर्समध्ये जे शिकवत नाहीत ते वाटीचं. सगळीकडे 'एक वाटी भात'. मी बायकांना सांगितलं, घरातली रोजची वाटी घेऊन या. कोणी आमटीची आणली, कोणी देवाच्या नैवेद्याची एवढीशी, एकीने चक्क वाडगा आणला आणि शपथेवर सांगितलं की हीच आमची वाटी. सगळ्या वाट्यांत कोरडे तांदूळ भरून एका ताटात वेगवेगळे ओतले, ढीग बघून कोणाला काही समजवायची गरजच पडली नाही. वाडगावाली स्वतःच म्हणाली, म्हणजे मी तिघींचं जेवते. तेव्हापासून आमच्या गटात भात बंद हा शब्दच नाही. भात कमी आणि बरोबर कुळथाचं पिठलं, बांगड्याची आमटी, पालेभाजी जास्त. सोलकढी चालते, साखर न घालता. मे महिन्यात आंबा बंद सांगितलंत तर गट त्याच दिवशी संपला समजा, त्यापेक्षा रस-पुरी-भात एका ताटात नको, कापून थोडा खा आणि त्या वेळचा भात कमी करा एवढं ऐकतात.

वजनावर फार अडून बसू नका. आपल्याकडे काटकुळ्या बायकांचासुद्धा पोटाचा घेर ८० सेंटीमीटरच्या वर आणि शुगर बॉर्डरवर असते. चेन्नईच्या अभ्यासात, २००६ चा, खाणं आणि चालणं बदलून साधारण २८ टक्के धोका कमी झाला आणि तोही वजन फारसं न उतरता. टेप साडीवरून लावू नका, मी पहिल्यांदा लावली आणि निऱ्यांचंच माप घेतलं.

चालण्याबद्दल सगळ्या म्हणणार की आम्ही दिवसभर पाखाडी चढतो-उतरतो. चढतात खऱ्या, पण दहा पावलांवर थांबून गप्पा. मी सांगते, चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, असं दिवसाला तीस मिनिटं, आठवड्यात पाच दिवस. लगेच समजतं. तुमच्याकडे मच्छीमार कुटुंबं असतील तर १ जून ते ३१ जुलै बंदीच्या काळात पुरुष घरी बसून असतात, त्यांना तेव्हाच धरा, देवळाच्या सभामंडपात फेऱ्या मारायला लावा.

वेळापत्रक कोर्सवाल्यांचं घेऊ नका. अमेरिकेतल्या कार्यक्रमात पहिल्या सहा महिन्यांत निदान १६ बैठका आणि पुढच्या सहा महिन्यांत निदान ६ असतात. आपल्याकडे भातकापणी आटपली की नोव्हेंबरच्या मध्यापासून आठवड्याला एक धरली तर शिमग्यापर्यंत १६ बरोबर बसतात. नंतर चाकरमानी येतात, मग लावणी, मग गणपती, तेव्हा महिन्यातून एक झाली तरी खूप.

एक गोष्ट मात्र कडक पाळा. आपण गोळीबद्दल बोलायचं नाही, सुरू करा नाही आणि बंद करा तर अजिबात नाही. बोटावरच्या मशीनने कोणाला मधुमेही ठरवायचं नाही. त्या चौघींना आधी लॅबमध्ये रक्त तपासून घ्यायला पाठवा, उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ५.७ ते ६.४ आलं तर त्या तुमच्या गटात, १२६ किंवा ६.५ आणि वर आलं तर आधी डॉक्टरकडे, गटात मग खुशाल येऊ देत. रक्त कमी असलेल्या बायकांची एचबीएवनसी फसवते, ते डॉक्टरांना बघू दे. आणि आशाताईंना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या, तीस वर्षांवरच्यांचे धोक्याचे फॉर्म त्या भरतच असतात, तुमची अर्धी यादी त्यांच्याकडे तयार आहे. आमच्याकडे मी हे उशिरा केलं आणि त्या सहा महिने माझ्याशी धड बोलल्या नाहीत, त्यांचं बरोबरच होतं.

सराव घेणारा कोर्स परवडत नसेल तर फुकटातले व्हिडिओ बघा आणि सरावाला मी बसते समोर, हट्टी काकू मला फार छान जमते. रविवारी चारनंतर मेसेज टाका, त्याआधी आमच्याकडे लाईटचा भरवसा नसतो.