लिनक्स टाकलं की व्हायरसची चिंता मिटते का?

भाऊ, तुम्ही विचारलंय की रावेरच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली तर अपडेटची कटकट सुटेल का. नाही सुटणार. लिनक्सला व्हायरस कमी लागतात, त्याचं एक मोठं कारण म्हणजे घरी-दुकानात ते वापरणारेच कमी. अ‍ॅपलच्या मॅक कॉम्प्युटरला व्हायरस लागत नाही असंही लोक छातीठोक सांगायचे, आणि 2012 मध्ये फ्लॅशबॅक नावाचा घातक प्रोग्राम सुमारे 6 लाख मॅकमध्ये शिरला. जावा या सॉफ्टवेअरमधली सुरक्षेची एक फट अपडेटने वेळेत बुजली नव्हती, एवढंच कारण.

‘अपडेटने मशीन स्लो होतं, बंदच ठेवा’ हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभर फायली कुलूपबंद केल्या. त्यावरचं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं!

सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याचं मशीन माझ्याकडे आलं होतं. क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्स न घेता चालवलेलं विंडोज, आणि ते चालावं म्हणून अँटिव्हायरस मुद्दाम बंद केलेला. व्हायरस शिरला आणि तीन हंगामांचा हिशोब गेला. बॅकअपचा पेनड्राइव्ह होता, पण तो कायम मशीनलाच लावलेला, त्यामुळे त्यातल्या फायलीही गेल्या. त्यांचा चेहरा अजून आठवतो.

आणि हो, लॉगिनचा पासवर्ड म्हणजे तिजोरी नव्हे. डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी केलेली नसेल तर ती काढून दुसऱ्या मशीनला लावली की सगळं वाचता येतं.

लिनक्स आवडत असेल तर जरूर टाका. फक्त अपडेट चालू ठेवा, रोजच्या कामाला साधं खातं वापरा, मशीनमध्ये काहीही बदलू देणारं अ‍ॅडमिनचं नको, आणि बॅकअप झाला की पेनड्राइव्ह काढून कपाटात ठेवा.