टाचेचं हाड वाढलंय म्हणून लगेच ऑपरेशन नको

ताई, सासूबाईंच्या एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं आणि नातेवाइकांनी ऑपरेशनचं नाव काढलं, म्हणून तुम्ही घाबरलात. इथे इंदूरला फिजिओथेरपीचं काम करताना मी हे नेहमी ऐकते. ते हाड बहुतेक वेळा दुखण्याचं मूळ नसतं. कित्येकांचं हाड असं वाढलेलं असतं आणि त्यांना कधी पत्ताही लागत नाही.

दुखतो तो बहुधा तळव्यातला जाड पट्टा, प्लांटर फॅशिया. टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा हा पट्टा पायाची कमान धरून ठेवतो. टाचेला तो जिथे चिकटतो, तिथे सततच्या ताणाने त्याची झीज होते. रात्रभर तो आखडून राहतो, म्हणून सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलांना जीव जातो आणि जरा चाललं की पाय मोकळा होतो. तुम्ही लिहिलंय ते अगदी हेच.

त्यांना उठण्याआधी पलंगावरच हे करायला सांगा: दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा आणि बोटं मुळाशी धरून नडगीकडे ओढायची. दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावर फिरवला तर आत ताठ दोरी लागते. ती लागली म्हणजे ताण बरोबर बसतोय. १० सेकंद धरायचं, असं १० वेळा, दिवसातून ३ वेळा. शिवाय भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणायची. पोटरीचा व्यायाम लोक हमखास सोडतात, आणि मग टाचेचं दुखणं रेंगाळतं.

आपल्या घरांत चप्पल चालत नाही, आणि बायका कोटा स्टोनवर अनवाणी ओट्यापाशी तासन्‌तास उभ्या. घरात घालायला वेगळी, मऊ पण टाचेला आधार देणारी चप्पल आणाच. खजराण्याच्या गणपती मंदिरात दर्शन घेऊ द्या, अनवाणी प्रदक्षिणा मात्र काही दिवस नको.

ऑपरेशनशिवाय बहुतेकांना बरं वाटतं, पण महिने लागतात. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने चटकन आराम पडतो. वारंवार घेतलं तर पट्टा तुटण्याची आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याची भीती असते.

टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळ येत असेल, पाय बधिर होत असेल, झोपेतही ठणकत असेल किंवा लाली-ताप असेल, तर वाट न बघता हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सासूबाईंना शुगर आहे का, हे तुम्ही लिहिलं नाहीये. असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बर्फाने शेकू नका, संवेदना कमी असली तर इजा झालेली कळत नाही. तेवढं कळवा, म्हणजे पुढचं सांगते.