बर्बन आणि आंब्याचं कॉकटेल घरी केलं की ते जड आणि गोडमिट्ट का होतं?

तुम्ही लिहिलंय की मानकुराद (गोव्याचा आंबा), बर्बन, लिंबू, तीन चमचे साखर आणि बर्फ मिक्सरमधून फिरवलं, तर आमरसात दारू ओतल्यासारखं लागलं. इथे साखर आणि मिक्सर या दोन्ही गोष्टी नडतात.

बर्बन ही अमेरिकन व्हिस्की, तिच्या धान्यात किमान ५१ टक्के मका असतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरते. म्हणून तिला व्हॅनिला आणि जळक्या साखरेचा वास असतो, जीभेवर ती गोडसरच लागते. त्यात पिकलेला आंबा आणि वर तीन चमचे साखर घातली की आंबट, कडू काही उरतच नाही. मिक्सरमध्ये बर्फाचा चुरा होतो, तो भराभर वितळतो आणि गर फेसाळून घट्ट होतो.

एका ग्लासाला माझं माप असं: बर्बन ६० मिली, आंब्याचा गर ३० मिली, लिंबाचा रस २० मिली, पाक १० मिली, मिठाची अगदी बारीक चिमूट. बिटर्स (मसाल्यांचा कडू अर्क) असतील तर दोन थेंब. गर पाणी न घालता चाळणीतून घासून काढा, कारण रेषा राहिल्या तर त्या प्रत्येक घोटाला दाताला लागतात. मानकुराद मला इथे सगळ्यांत योग्य वाटतो, गोडीबरोबर त्याला स्वतःचा थोडा आंबटपणा असतो. मात्र देठाकडे मऊ पडून आंबूस वास यायला लागलेला आंबा घेऊ नका, तो वास बर्बनमध्ये लपत नाही, उलट वर येतो. डब्यातला गोड केलेला गर वापरणार असाल तर पाक अजिबात नको.

पाक साखरेचा केलात तरी चालेल, पण गोव्यात माडाचा काळा गूळ मिळत असताना तोच घ्यावा. त्याचा किंचित धुरकट, खमंग स्वाद ओकच्या चवीशी फार छान जुळतो. १०० ग्रॅम गूळ १०० मिली पाण्यात मंद आचेवर विरघळवा, उकळत ठेवू नका, कपड्यातून गाळा (खडे आणि कचरा निघतोच) आणि पूर्ण थंड झाल्यावरच वापरा. फ्रिजमध्ये दोन आठवडे राहतो.

लिंबू ऐन वेळी पिळा आणि साल चुरगळेपर्यंत दाबू नका. कडवटपणा सालीतून येतो, आणि मग लोक तो झाकायला आणखी साखर घालतात.

आता हलवणं. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची काचेची बरणी किंवा फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा चालतो. आधी बर्फ सोडून सगळं आत घाला, मग फ्रीजरमधून थेट काढलेल्या मोठ्या खड्यांनी पाऊण भाग भरा आणि १२ ते १५ सेकंद जोरात हलवा. आपल्याकडच्या दमट हवेत बर्फ भांड्यात काढून ठेवला की पाच मिनिटांत पाणी सुटतं. अशा ओल्या बर्फाने पेय गार व्हायच्या आधीच पाणचट होतं. नीट हलवलं तर साधारण ३० मिली पाणी मिसळतं आणि ते हवंच असतं, त्याशिवाय दारू घशाला लागते. नंतर चहाच्या गाळणीतून ताज्या बर्फावर गाळा.

चाखून बघा. गोड वाटलं तर लिंबू ५ मिली वाढवा, घशाशी जळजळलं तर आणखी थोडं हलवा. सपक वाटलं तर बहुतेक वेळा मीठ राहिलेलं असतं.

बाटली महागडी नको. जिम बीमची साधी बाटली पुरते, मेकर्स मार्कमध्ये गहू असल्याने ती जास्त मऊ लागते. धुराचा वास असलेली स्कॉच मात्र आंब्याशी भांडते.

पावसाळ्यात आंबा संपला की कोकम घ्या: बर्बन ६० मिली, गोड कोकम सिरप २० मिली, लिंबू १० मिली, हलवून गाळल्यावर वरून ६० मिली सोडा. इथे एक चूक हमखास होते, ती म्हणजे सिरपऐवजी आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, घालणं. आगळात मीठ भरपूर असतं. तेच असेल तर ५ मिलीच घ्या, पाक १५ मिली घाला आणि वेगळं मीठ टाळा. सोडा बरणीत घालून कधीही हलवू नका, दाबाने झाकण उडतं.

आठ जणांसाठी आधीच करून ठेवायचं असेल तर बर्बन ४८० मिली, गर २४०, लिंबू १६०, पाक ८० आणि थंड पाणी २०० मिली एकत्र करून दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, ओतण्याआधी ढवळा, कारण गर तळाला बसतो. पाणी विसरू नका, इथे बर्फाने हलवणं होत नाही. हे चवीला सरबतासारखं लागतं, पण प्रत्येक ग्लासात पूर्ण ६० मिलीचा पेग आहे, हे पाहुण्यांना ग्लास देतानाच सांगा आणि स्कूटरची चावी कोणाच्या हातात जाते तेही बघा.